काका, ती कॅसेट अजून माझ्याकडेच आहे

काका,

सा. न. वि. वि. एवढं लिहून दहा मिनिटं नुसता बसलोय. शेवटचं पत्र मी सातवीत मराठीच्या पेपरात लिहिलं असेल, तेपण मामाला, आणि मामा शेजारच्याच गल्लीत राहायचा. तुमचं ईमेल तुम्ही उघडत नाही हे मला माहितीये, म्हणून हे सगळ्यांसमोरच लिहितोय, ताई प्रिंट काढून देईल आणि काकू चष्मा शोधून मोठ्यानं वाचतील. समोर बसून बोलायचं तर तुम्ही बोलू देत नाही. दोनदा ट्राय केला, दोन्ही वेळा "आभार मानाचे तर लग्नाच्या मांडवात मान, बे" म्हणून विषय संपवलात.

निमित्त तसं काही मोठं नाही. यंदा, २००५ च्या १८ नोव्हेंबरला जॉनी कॅशवरचा, म्हणजे आपल्या त्या अमेरिकन कंट्री गायकावरचा, 'वॉक द लाइन' सिनेमा येतोय, काल थेटरात दुसराच पिक्चर बघायला गेलो होतो तिथं त्याचा ट्रेलर लागला, आणि अंधारात एकदम तुमच्या ब्यूक गाडीचा वास आला. जुनं सीट, पार्ले जी, आणि तो आरशाला टांगलेला पाइन झाडाच्या आकाराचा वासाचा पुठ्ठा. बाजूचा अमेरिकन नाचोज खातोय आणि मी डोळे पुसतोय. म्हटलं आता लिहायलाच पाहिजे.

जानेवारी २००३ ला मी अमेरिकेत मेम्फिसला उतरलो तेव्हा दोन बॅगा, एक कुकर आणि आईनं दिलेला मेतकुटाचा डबा होता. सहा आठवड्यात प्रोजेक्ट गेलं. ज्या कन्सल्टन्सीनं आणलं होतं ते म्हणाले बेंचवर बस, म्हणजे पुढचं काम येईपर्यंत नुसता थांब, पगाराचं नंतर बघू, आणि हो, गेस्टहाऊस महिनाअखेर खाली कर. नाव घेत नाही, आता त्यात काय. मी इंडियन स्टोअरच्या बाहेर पेफोनवर कॉलिंग कार्डाचे आकडे दाबून सांगलीला आईशी बोलत होतो, सगळं झकास चाललंय, ऑफिसात कॉफी फुकट असते वगैरे, आणि मागं तुम्ही खांद्यावर पिठाची वीस पौंडाची पिशवी घेऊन उभे. फोन ठेवला तर म्हणालात, "मायले खोटं बोल्ला, ठीक हाय. आता मले खरं सांग."

त्यानंतर आठ महिने मी तुमच्या मागच्या खोलीत राहिलो. भाडं विचारलं तर काकू म्हणाल्या भाडं देण्यापेक्षा कुत्र्याला फिरवून आण.

हे सगळं ठीक आहे, जेवण, खोली, इंटरव्ह्यूला सोडणं, पार्किंगमध्ये दीड दीड तास पेपर वाचत थांबणं, याचे आभार कुणी पण मानेल. मला त्या कॅसेटचे मानायचेत. मॅक्सेलची नव्वद मिनिटांची, वर निळ्या बॉलपेननं तुमच्या अक्षरात, जॉनी – दुसऱ्यांची. मला पहिल्यांदा वाटलं दुसऱ्या कुणाचीतरी कॅसेट ढापलीये. मग कळलं की यात जॉनी कॅशनं दुसऱ्यांची गायलेली गाणी आहेत, ब्यूकला सीडी प्लेअर नाही म्हणून तुम्ही सीड्या घरी लावून टेपवर उतरवून घेतलेली. जॉनी – स्वतःची अशी पण एक होती, ती तुम्ही फारशी लावायचा नाही, ती पाठ आहे म्हणायचा.

मी तोपर्यंत कंट्री म्हणजे टोपी घातलेली माणसं ट्रक आणि बायकोबद्दल रडतात एवढंच समजायचो. पुण्यात होस्टेलवर माझा रूममेट साउंडगार्डन आणि नाइन इंच नेल्स हे रॉक बँड फुल्ल आवाजात लावायचा, खिडकीच्या काचा हलायच्या, त्यामुळं ती गाणी माहिती होती. आणि पॉप्लर अ‍ॅव्हेन्यूच्या सिग्नलला तुमच्या कॅसेटवर 'रस्टी केज' सुरू झालं, साउंडगार्डनचं, पण म्हाताऱ्याच्या आवाजात, आणि तुम्ही स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरलेला. मी म्हटलं काका हे गाणं तुम्हाला कसं माहिती, तुम्ही म्हणालात हे जॉनीचं हाय. मी म्हटलं नाही हो, हे सिअ‍ॅटलच्या पोरांचं आहे. तिथून आपली जी भांडणं सुरू झाली ती अजून संपली नाहीत.

तुम्ही मग पूर्ण कथाच लावलीत. १९५८ पासून तो कोलंबिया कंपनीसाठी गायचा आणि १९८६ ला त्यांनी त्याला सोडून दिला, २८ वर्षांनी, आता म्हाताऱ्याला कोण ऐकतंय म्हणून. (तुम्ही हे सांगताना माझ्याकडं असं बघितलंत की बेंच काय तुझ्या एकट्याच्या नशिबाला आलाय का.) मग दाढीवाला रिक रुबिन आला, जो रॅप आणि हेवी मेटलवाल्यांच्या रेकॉर्डी काढायचा, त्यानं म्हाताऱ्याला आपल्या घरातल्या दिवाणखान्यात बसवलं, हातात गिटार दिली आणि म्हणाला तुला आवडतं ते गा. बँड नाही, कोरस नाही. १९९४ ला ती पहिली रेकॉर्ड आली आणि पुढं मग टॉम पेटीचं, यू टू चं, निक केव्हचं, डेपेश मोडचं, बीटल्सचं, काय काय गात सुटला तो.

दुसऱ्याचं गाणं आपण गायलं की त्याला कव्हर म्हणतात, काकूंना हा कव्हर शब्दच पटायचा नाही. मागच्या सीटवरनं म्हणायच्या, "यमन गाताना कोणी विचारते का, बंदिश कोणाची म्हणून? गाणाऱ्याची होते ती." आणि तुमचं त्यावर ठरलेलं, "गाणं काय कोणाच्या सातबाऱ्यावर असते का?" मी पण मग नेटवरनं शोधून काढलं की असतं. 'फॉल्सम प्रिझन ब्लूज', ज्याच्यावर त्याचं अख्खं नाव उभं, त्याची चाल आणि बरेचसे शब्द गॉर्डन जेंकिन्सच्या 'क्रेसेंट सिटी ब्लूज'मधनं उचललेले होते, जॉनीनं एअर फोर्समध्ये जर्मनीत असताना ऐकलेलं गाणं, आणि नंतर त्याला सुमारे ७५ हजार डॉलर मोजून ते मिटवायला लागलं. म्हटलं काका, हा घ्या सातबारा. तुम्ही पूर्ण सॅम कूपर बुलेव्हार्ड संपेपर्यंत बोलला नाहीत. घरी आल्यावर म्हणालात, "पैसे देल्ले ना त्यानं? मग." बदला म्हणून दुसऱ्या दिवशी तुम्ही मला सांगितलंत की 'रिंग ऑफ फायर' पण पहिल्यांदा जूनच्या, म्हणजे जॉनीच्या बायकोच्या, बहिणीनं, अनिता कार्टरनं गायलंय, जॉनीनं १९६३ ला त्यात ते मेक्सिकन ट्रंपेट घातले आणि जगाला ते त्याचंच वाटलं. हे मला खरंच माहिती नव्हतं.

आणि त्या डॉलरच्या नोटेचं. सुरुवातीला जॉनीच्या बँडकडं ड्रमवाला नव्हता म्हणून तो गिटारच्या तारांमधनं कागदाची घडी, कधी नोट, सरकवायचा, मग तो खर्र खर्र असा आवाज यायचा ड्रमसारखा. मी हसलो तर काकू उठल्या, कोपऱ्यातला तंबोरा गवसणीतनं काढला, घोडीवर तारेखालचा दोरा केसभर पुढं सरकवला आणि तार छेडली, आणि तो मगाचा मिणमिणता आवाज एकदम उघडला, खोलीभर झाला. दोरा परत मागं घेतला, आवाज बसला. "हे पाह्य. तेच हाय." एवढंच बोलून भाजी ढवळायला गेल्या.

'हर्ट' बद्दल लिहायचं टाळत होतो. ते गाणं मला ओरिजिनल माहिती होतं, नाइन इंच नेल्सवाल्या ट्रेंट रेझनरचं, १९९४ चं, शेवटी नुसता गोंगाट होतो. तेव्हा वाटायचं विशीतल्या पोरानं रागानं लिहिलंय. तुमच्या कॅसेटवर साइड एच्या शेवटी ते होतं. जॉनीनं त्यात एक शब्द बदललाय, मूळ शिवीच्या जागी काट्यांचा मुकुट आणलाय, बाकी अक्षर नि अक्षर तेच. सत्तर वर्षांचा माणूस तेच शब्द म्हणतो तेव्हा ते धमकीसारखे राहात नाहीत, हिशोब दिल्यासारखे होतात. पियानोची एकच पट्टी कोणतरी मारत राहतं, मारत राहतं, वाढवत. तुम्ही कुठल्यातरी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावली होती, माझा तो पाचवा का सहावा इंटरव्ह्यू, दहा मिनिटं उशीर होत होता, आणि तुम्ही म्हणालात संपू दे. ते झालं. मी आत गेलो. नोकरी तिथं पण मिळाली नाही.

त्याचा व्हिडिओ नंतर तुमच्याकडंच टीव्हीवर बघितला. बंद पडलेलं त्याचं म्युझियम, फुटक्या फ्रेमा, टेबलभर मांडलेलं जेवण आणि थरथरत्या हातानं त्यावर सांडलेली वाइन. जून जिन्यात उभी राहून त्याच्याकडं बघते. शेवटी तो पियानोचं झाकण बंद करतो आणि वरनं हात फिरवतो. काकू म्हणाल्या ती बाई बघ कशी बघून राहिली, ती गाणं नाही ऐकत आहे. मे महिन्यात जून गेली. आणि १२ सप्टेंबरला तो.

तो शुक्रवार होता. शनिवारी सकाळी सहाला तुम्ही माझ्या खोलीचं दार वाजवलंत. मिसिसिपीवरचा पूल ओलांडून आर्कान्सामध्ये, डायेसला. तासभर. १९३५ ला सरकारी योजनेत त्याच्या बापाला तिथं घर आणि वीस एकर जमीन मिळाली होती, तीन वर्षांचा जॉनी तिथं आला, पोरवयापासनं कापूस वेचला, भाऊ तिथंच करवतीच्या अपघातात गेला. मला वाटलं काहीतरी फुलं बिलं असतील, माणसं असतील. काहीच नव्हतं, सपाट जमीन आणि कापूस. तुम्ही गाडी रस्त्याच्या कडेला घेतलीत, खाली उतरून एक फुटलेलं बोंड तोडलंत, सरकीवरनं चिमूटभर रुई ओढलीत आणि दोन्ही हातांच्या अंगठ्या-बोटात धरून ओढायचं, परत एकावर एक ठेवायचं, परत ओढायचं, असं करत राहिलात, शेवटी काळ्या पँटवर तो पुंजका ठेवून लांबी बघितलीत. तीस वर्षं फ्रंट स्ट्रीटवर कापूस पारखलेला माणूस. "आपल्या यवतमाळपेक्षा लंबा धागा हाय. पण वेचाले पाठ तेवढीच दुखते." मग गाडीत येऊन कॅसेट न लावता आपण परत आलो. मला वाटतं त्या दिवशी मला तुमचं आणि जॉनीचं काय आहे ते कळलं, १९६९ ला अमरावतीहून आलेला पोरगा भाड्याच्या खोलीत टीव्हीवर त्याचा शो बघतोय, इंग्रजी निम्मं कळत नाही, आणि टीव्हीवरचा माणूस कापूस वेचण्याबद्दल बोलतोय. तुम्ही कधी असं सांगितलं नाहीत, मीच जुळवलं. चुकलं असेल तर फोनवर शिव्या घाला.

नोव्हेंबरात मला नोकरी लागली, ते तुम्हाला माहितीये. पेढे म्हणून काकूंनी मिल्क पावडरचे केले होते.

आता सिनेमाबद्दल. जोकिन फीनिक्स जॉनी झालाय आणि रीस विदरस्पून जून, दोघांनी गाणी स्वतःच्या गळ्यानं गायलीयेत, प्लेबॅक नाही. गेल्या वर्षी इथं मेम्फिसच्या डाउनटाउनात शूटिंग चालू होतं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "त्या पोराचा आवाज खाली उतरन का?" ट्रेलरमध्ये तर उतरलाय, बऱ्यापैकी. जॉनीचा नाही, पण नकलाकाराचा पण नाही. म्हणजे बघा आता हा अख्खा सिनेमाच कव्हर झाला, काकूंना विचारा बंदिश कोणाची. एक मात्र आधीच सांगून ठेवतो, म्हणजे थेटरात आवाज करणार नाही तुम्ही. फिल्म फेस्टिवलला बघून आलेले म्हणतात की गोष्ट १९६८ लाच थांबते, स्टेजवर जूनला मागणी घालतो तिथं. म्हणजे रुबिन नाही, दिवाणखाना नाही, 'हर्ट' नाही. आपल्या साइड एचं काहीच नाही. मला जरा रागच आला, माणूस पडला, उठला, लग्न झालं, शेवट गोड. पुढं कंपनीनं हाकलल्यावर साठी ओलांडून दुसऱ्यांची गाणी घेऊन परत उभा राहिला त्याचा सिनेमा कोण काढणार? पण तुम्ही म्हणाल तेवढं आपल्याले मालूम हाय ना, पुरे.

तर मी १८ ला बघत नाहीये, थांबतोय. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या रात्री निघतो, बर्मिंगहॅमवरनं अटलांटा, सकाळपर्यंत पोचेन. ताईला सांगा शुक्रवारची पाच तिकिटं काढून ठेव, जावईबापूंना पण यायचंय म्हणे. काकूंना मध्येच उठून जायची पूर्ण परवानगी आहे.

कॅसेट आणतोय. तुम्ही गाव सोडताना ब्यूक विकली तेव्हा ती डॅशबोर्डमधनं मी काढून घेतली, विचारलं नव्हतं, आता सांगतो. माझ्या गाडीत टेप नाही म्हणून मागच्या आठवड्यात यार्ड सेलमधनं पाच डॉलरचा टेपरेकॉर्डर घेतला आणि त्या गाढवानं साइड बीची टेप खाल्ली. पेन्सिल घालून गुंडाळून बसवलीये, चालते, फक्त 'वन' च्या पहिल्या कडव्यात म्हातारा जरा पाण्याखालून गातो. सीडी असेल तुमच्याकडं अजून तर परत उतरवून द्याल का? मॅक्सेलची कोरी कॅसेट मी आणतो. लेबल मात्र तुम्हीच लिहा.

हिंग संपलाय असं ताई म्हणाली, तो पण आणतोय.

तुमचा,
मागच्या खोलीतला