वर्गातला वड आणि घरी जाणारी फाइल

चि. सानिकास अनेक आशीर्वाद.

वर्गाच्या भिंतीसाठी तू पाठवलेले तिन्ही फोटो पाहिले. लाल मेपलची पानं, सफरचंदांची टोपली, चष्मा घातलेलं घुबड. दिसतं छान, पण बडोद्यातल्या पाच वर्षांच्या पोरानं मेपल बघायचा कुठे? त्यापेक्षा वड घे. गावाचं नावच वडावरून पडलंय, जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा वटपौर्णिमा मागेपुढेच असते, आणि कमाटीबागेत नेलंस तर मुलांना झाडाला हात लावून बघता येतं.

पहिल्या दिवशी भिंतीवर नुसतं खोड असू दे. खाकी कागद चुरगळून पुन्हा उलगडला की सालीसारखा दिसतो. आदल्या रात्री जागून सगळी भिंत भरलीस तर मुलांना करायला काही उरत नाही, आणि आठवडाभरात त्यांचं तिकडे लक्षही जात नाही.

पारंब्या सुतळीच्या कर. जमिनीपासून १६० सेंटिमीटरवर एक सुतळी आडवी, घट्ट ताणून बांध. २८ मुलं, प्रत्येकाची एक पारंबी आणि दोन पारंब्यांमध्ये १५ सेंटिमीटर अंतर, म्हणजे सव्वाचार मीटर भिंत मोकळी हवी. एकेक पारंबी ६० सेंटिमीटरची, गाठी धरून पारंब्यांना २० मीटर सुतळी पुरते. खालचं टोक एक मीटरवर येतं आणि त्या वयाच्या मुलाची नजर साधारण तिथेच असते. आपण मोठी माणसं सगळं आपल्या डोळ्यांसमोर टांगतो, मग मुलं माना वर करून बघतात किंवा बघतच नाहीत. पारंबीच्या टोकाला फास किंवा वेटोळं मुळीच नको, टोक सुटं राहू दे. कागद अडकवायला कपड्यांचे छोटे चिमटे. दोन्हीकडून चिकटणारी टेप वापरू नकोस. पावसाळ्यात भिंत ओल धरते, दोन दिवसांत सगळं खाली येतं आणि येताना रंगाचे पोपडेही घेऊन येतं.

दुसऱ्या आठवड्यात पानं. पानाची खालची, शिरा उठून आलेली बाजू वर ठेवायची, त्यावर झेरॉक्सचा साधा कागद, आणि मेणखडू वरचं वेष्टन काढून आडवा धरून घासायचा. जाड कार्डशीटवर शिरा उमटत नाहीत. पानं गळलेलीच वेचायची. ताजं तोडलं की पांढरा चीक येतो, कपड्यांवर डाग पडतात आणि एखाद्याच्या कातडीला खाज सुटते. पण पार वाळलेलं पानही घासताना मोडतं. पिवळं पडलेलं, अजून लवचीक असलेलं निवड आणि रात्रभर रद्दीखाली दाबून ठेव.

तिसरा आठवडा फळांचा, आणि हाच मला सगळ्यात आवडतो. वडाची फळं पानाच्या बेचक्यात जोडीनं लागतात, देठ जवळजवळ नसतोच. दोनदोननं मोजायला शिकवायचं साधन झाडानंच दिलंय. लाल क्रेप कागदाचे गोळे जोडीनं चिकटवू दे आणि मग २, ४, ६. मणी मात्र नकोत, या वयात नाकात जातात. शेवटी वडावर राहणारी मंडळी: तांबट, मैना, खार, वटवाघूळ. विश्वामित्री नदीतली मगर कोणीतरी आणून लावेलच. लावू दे.

आता मुलांबरोबर घरी जाणारी फाइल. बटणाची प्लास्टिक फाइल घे, ए-फोर मापाची. एफसी, म्हणजे फुलस्केप मापाची लहान दप्तरात मावत नाही, कोपरे दुमडतात. पुठ्ठ्याची तर जुलैपर्यंतही टिकायची नाही. २८ मुलांना ३२ आण, कारण आधी बटणंच तुटतात. नाव मार्करनं थेट प्लास्टिकवर लिहिलंस तर हाताळून पुसलं जातं. कागदावर लिही आणि वरून दोन इंची पारदर्शक टेप लाव, कागदाच्या चारी बाजूंना बोटभर बाहेर येईल अशी, नाहीतर कडेनं पाणी शिरतं. नावाशेजारी प्रत्येकाचं एक चित्र काढ, पोपट, छत्री, काहीही. वाचता येत नसलं तरी आपली फाइल ओळखता येते.

आत मधोमध कार्डशीट उभी घालून तळाशी टेपनं पक्की कर. तिच्या एका बाजूला घराचं चित्र, दुसऱ्या बाजूला शाळेचं. घराकडचे कागद घरी राहतात, शाळेकडचे परत येतात. या एका पडद्यानं निम्मा गोंधळ मिटतो.

सूचना अर्ध्या पानाची कर. १४ कागदांत २८ होतात, एक कागद जास्तीचा छाप. तारीख आणि काय करायचं ते पहिल्या ओळीत, एका बाजूला गुजराती, दुसऱ्या बाजूला मराठी. ‘खालचा भाग फाडून पाठवा’ हा प्रकार नको, तो तुकडा हमखास हरवतो. सहीसकट अख्खा कागदच परत येऊ दे. पैसे फाइलीतून मागवू नकोस.

गुरुवारी भरायची, शुक्रवारी द्यायची, सोमवारी परत घ्यायची. रोज दिलीस तर एका फाइलीला एक मिनिट धरलं तरी अर्धा तास त्यातच जाईल. हजेरीचा क्रमांक कोपऱ्यात लिहून भाजीच्या क्रेटमध्ये उभ्या लाव, कोणाची आली नाही ते लगेच कळतं.

एक गोष्ट मात्र सोडू नकोस. दर शुक्रवारी वडाची एक चिठ्ठी शाळेच्या बाजूला जाऊ दे. ‘घराजवळचा वड कुठे आहे? आजीआजोबांना विचारून चित्र काढा.’ सोमवारी आलेलं चित्र त्याच दिवशी त्या मुलाच्या पारंबीवर लागलं पाहिजे. घरच्यांचा कागद भिंतीवर दिसला नाही, तर तिसऱ्या आठवड्यापासून फाइल कोणी उघडत नाही. ज्याचं आलं नाही त्याला सगळ्यांसमोर विचारू नकोस. मधल्या सुट्टीत पाच मिनिटं जवळ घेऊन बस आणि तिथेच काढून घे. मुलांना बेनशेजारी, म्हणजे बाईंशेजारी, बसायला आवडतंच.

सुतळी विकत आणू नकोस, गणपतीच्या मखराची उरलेली माळ्यावर आहे. मी शनिवारी येतेय. नावं तू लिहून ठेव, टेप मी लावीन.

तुझी,
आई