मित्रास पत्र: मणके कोण मोजतो?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

भ्रूणात मणके मोजून कोण बसवतो, हा तुझा प्रश्न मनातून जात नाही. मोजणारे कोणीच नाही. तिथे केवळ एक ताल चालू असतो, आणि त्या तालाविषयी तुला सविस्तर लिहावेसे वाटते.

भ्रूणाच्या शेपटीकडच्या भागात, चेतारज्जूच्या दोन्ही अंगांना, अजून आकार न आलेल्या पेशींचे पट्टे असतात. त्यांच्या डोक्याकडच्या टोकापासून ठरावीक वेळाने पेशींच्या गोळ्यांची एकेक जोडी सुटी होते. या गोळ्यांना सोमाइट म्हणतात, आणि त्यांच्यापासूनच पुढे मणके, बरगड्या व पाठीचे स्नायू घडतात. कोंबडीत दर ९० मिनिटांनी नवी जोडी येते, झेब्राफिशमध्ये सुमारे अर्ध्या तासाने, उंदरात दोन तासांनी, तर माणसात सुमारे पाच तासांनी. पेशींत घड्याळ असावे आणि शेपटीकडे सरकत जाणारी एक सीमा त्याचा प्रत्येक ठोका जागच्या जागी पक्का करत असावी, असे जीवशास्त्रज्ञ कुक आणि गणितज्ञ झीमन यांनी १९७६ साली केवळ तर्काने मांडले होते. कोंबडीच्या भ्रूणात दर ९० मिनिटांनी चालू-बंद होणारे जनुक प्रत्यक्ष दिसायला १९९७ साल उजाडले.

उंदरात या घड्याळाच्या केंद्रस्थानी हेस७ हे जनुक आहे. त्याचे प्रथिन स्वतःच्याच जनुकाला थोपवते आणि लवकरच नष्ट होते, की जनुक पुन्हा जागे होते. मात्र हा रोध तत्काळ लागला असता, तर प्रथिनाची पातळी मध्येच कुठेतरी स्थिरावली असती आणि ताल उरलाच नसता. ताल टिकतो तो उशिरामुळे: जनुकाची आरएनए नावाची प्रत लिहून होणे, तिच्यातले इंट्रॉन (प्रथिन बनण्यात न वापरले जाणारे मधले तुकडे) छाटले जाणे, मग प्रथिन बनणे, या सगळ्याला वेळ लागतो. संशोधकांनी २०११ साली उंदराच्या हेस७मधले इंट्रॉन काढून टाकले. प्रथिन तेच राहिले, फक्त सुमारे १९ मिनिटांचा उशीर गेला. तेवढ्याने घड्याळ थांबले आणि मणके व बरगड्या एकमेकांत मिसळून गेल्या. हे वाचून मी कितीतरी वेळ स्तब्ध बसलो होतो. माणसातही याच जनुकात दोष असला, तर मूल वेड्यावाकड्या मणक्यांसह जन्माला येते.

ठोका कुठे पक्का व्हायचा, हे शेपटीकडून पसरणारे एफजीएफ आणि डब्ल्यूएनटी हे प्रथिनांचे संकेत ठरवतात. त्यांची पातळी उतरते तिथे सीमा पडते. कॉर्न सापात वाढीच्या मानाने घड्याळ भरभर चालते, म्हणून त्याचे सोमाइट लहान आणि तीनशेहून अधिक असतात. कोणता मणका मानेचा आणि कोणता छातीचा, हे हॉक्स जनुकांचे काम. त्याविषयी पुढच्या पत्रात लिहीन.

एक गोष्ट मात्र आताच सांगतो. माणसाचे हेस७ उंदराच्या पेशीत बसवले, तर ते जवळजवळ उंदराच्याच तालाने चालते. म्हणजे गती ठरते ती त्या जनुकाच्या मजकुरावर नव्हे, तर पेशी प्रथिने किती सावकाश घडवते आणि मोडते त्यावर. माणसाच्या पेशी इतक्या संथ का, यावर तुला काय वाटते ते अवश्य कळव.

तुझा स्नेहांकित मित्र