कचरा वेचण्याविषयी आई-बाबांना पत्र

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

आई, खालच्या मजल्यावरच्या काकींनी तुला फोन करून मी रस्त्यावरचा कचरा वेचते असे सांगितल्यापासून तुझ्या जिवाला घोर लागला आहे, हे बाबांच्या बोलण्यावरून कळले. माझी नोकरी गेली की काय, इथपर्यंत तू पोहोचलीस म्हणे! नोकरी शाबूत आहे. फोनवर हे सगळे नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

बाबा, माझे मोबाईलवेड तुम्हाला खुपायचे ते उगाच नव्हते. २०२३ च्या मार्चमध्ये आपल्या गोव्यातल्या म्हादई अभयारण्यात वणवे पेटले तेव्हा तुम्ही साखळीला, म्हणजे त्या डोंगरांच्या माझ्यापेक्षा कितीतरी जवळ होतात. पण जळत्या रानाचे व्हिडिओ पाहत रात्री जागवल्या त्या मी, इथे फोंड्यात बसून, आणि त्या जागरणाने एक ठिणगीही विझली नाही. पुढच्या वर्षी जुलैमध्ये वायनाडला दरडी कोसळल्या तेव्हाही तेच झाले. बातमी वाचायची, हळहळायचे, दोन ओळी लिहायच्या, त्यांवर कोणीतरी अनोळखी माणूस वाद घालायला यायचा, आणि तो वाद मिटण्याआधी दुसरी बातमी पुढ्यात हजर.

आता सकाळी कामाला बसण्यापूर्वी मी आमच्या गल्लीच्या तोंडापासून व्हाळावरच्या, म्हणजे ओढ्यावरच्या, साकवापर्यंत (छोट्या पुलापर्यंत) जाते. सोबत लांब चिमटा आणि दोन पोती असतात. हातात रबरी मोजे आणि पायांत गमबूट असतात, कारण ओल्या मातीत उंदरांचा वावर असला की लेप्टोच्या तापाचे भय असते. फुटकी काच मी हाताने उचलत नाही, तेव्हा ती काळजी नको. साकवाच्या तोंडाशी सर्वांत जास्त सापडतात ती वेफर्सची पाकिटे. चिखलात इतकी घट्ट रुतलेली असतात की ओढताना आत साठलेले पाणी मनगटावर उडते. त्यांत प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असल्यामुळे ती कुजत नाहीत आणि भंगारवालाही त्यांना हात लावत नाही. सिगारेटची थोटके कापसासारखी दिसली, तरी तो कापूस नसून प्लॅस्टिकचाच धागा आहे, हे मलाही अलीकडेच समजले. १ जुलै २०२२ पासून बंदी असलेले प्लॅस्टिकचे स्ट्रॉ तर अजून मुबलक मिळतात. शहाळ्याच्या करवंट्या मात्र आधी पालथ्या करते, कारण त्यांतल्या पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत असतात आणि डेंग्यूचा डास अशाच जागी वाढतो.

याने मनाला बरे का वाटते, असे बाबांनी विचारले होते. एक तर ओल्या मोज्यांनी मोबाईल हाताळता येत नाही, आणि हा मला त्यातला सर्वांत मोठा गुण वाटतो. दुसरे म्हणजे, त्या रस्त्याला आरंभ आहे तसा शेवटही आहे. साकवापर्यंत पोहोचले की त्या दिवसाचे काम संपते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कचरा पडलेला दिसला तरी तो पोत्यात मावेल एवढाच असतो. मोबाईलवरच्या बातम्यांना असा काठ नसतो. काहीजण आधीचे आणि नंतरचे फोटो टाकतात, ते मी टाळते. फोटो टाकला की तो किती जणांनी पाहिला हे बघत बसणे आले, म्हणजे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आमच्या गल्लीतली पाकिटे उचलून डोंगरकापणी थांबणार नाही, हेही मला कळते, आणि म्हणून ग्रामसभेला जाणे मी सोडलेले नाही. पूर्वी रात्रभर वाचून चिडलेली जायचे, आता झोप झालेली असते. मुद्देही कमी विसरते.

वेचलेल्यातल्या बाटल्या आणि डबे भंगारवाल्याकडे जातात, उरलेले सुका कचरा नेणाऱ्या गाडीत. ज्या प्लॅस्टिकचे पुन्हा काहीच होत नाही, ते गोव्यातून कर्नाटकातल्या सिमेंटच्या भट्ट्यांकडे जाळायला पाठवतात. तिथले तापमान आणि परसातल्या जाळाचे तापमान यांत फार अंतर आहे, म्हणून बाबा, पालापाचोळ्याबरोबर पिशव्या जाळण्याचे आता थांबवा. तो विषारी धूर आईच्या खोकल्याला मुळीच चांगला नाही.

गणपतीच्या चवथीला मी दोन दिवस आधी येईन. तोवरचे प्लॅस्टिक मागच्या पडवीत एका पोत्यात साठवून ठेवा, मी गाडीच्या दिवशी देईन. दुधाच्या पिशव्या मात्र धुऊन, वाळवून टाका, नाहीतर मुंग्या लागतील आणि पोते उचलायला मीच असेन.

तुमची,
बाय