आधी पाणी मोज, मग वाफे आख

सोलापूर,
फेब्रुवारीअखेर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

पोरांना सोबत घेऊन शाळेत परसबाग करायचं तू मनावर घेतलंस, फार बरं वाटलं. तू जागेचं माप कळवलंस, चाळीस बाय तीस फूट. पण जागा तूर्त बाजूला ठेव. आधी शाळेत रोज किती पाणी वापरून सांडतं ते मोज. आपल्या सोलापुरात शाळेची बाग जागा कमी पडली म्हणून जात नाही, मार्च-एप्रिलमध्ये पाणी पुरलं नाही म्हणून जाते.

हे मोजमाप पोरांकडूनच करून घे. जेवणाआधी हात धुतात तिथं नळाखाली बादल्या लावा आणि आठवडाभर रोज नोंद ठेवा. एका मुलामागं अर्धा लिटर धरलं तरी दोनशे मुलांचे १०० लिटर होतात. शिवाय शाळा सुटताना बाटल्यांत थोडं थोडं पाणी उरतंच. गेटजवळ झाकणाचा ड्रम ठेवून ते त्यात ओतायला लावलं, तर ३० ते ४० लिटर स्वच्छ पाणी सहज जमतं.

आता गरज बघ. तीन बाय दहा फुटांचा वाफा म्हणजे पावणेतीन चौरस मीटर. हिवाळ्यात त्याला रोज १०-१२ लिटर पुरतात, एप्रिलच्या उन्हात १८-२० लागतात. वाफ्यांची संख्या एप्रिलवरून ठरव. हात धुतलेल्या पाण्यावर पाच आणि बाटल्यांच्या पाण्यावर दोन, असे सात वाफे. एवढ्या जागेत सात म्हणजे थोडेच वाटतील, पण वाळलेल्या वीस वाफ्यांपेक्षा हिरवे सात केव्हाही चांगले. उरलेली जागा खेळायला राहू दे.

छतावरच्या पावसावर मात्र फार विसंबू नकोस. हजार चौरस फूट स्लॅबवर १० मिलिमीटर पाऊस पडला तर सातशे-साडेसातशे लिटर हाती येतात, म्हणजे दोन हजारांची टाकी एक-दोन चांगल्या सरींत भरते. पावसानं ओढ दिली की तिचा उपयोग होतो. उन्हाळ्यापर्यंत ते पाणी टिकत नाही.

आखणी करताना पोरांना सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता सावल्यांच्या कडा फक्कीनं आखायला सांग. सहा तास ऊन मिळेल तीच जागा घ्यायची. तीननंतर भिंतीची सावली येत असेल तर उत्तमच. कडुनिंबापासून पंधरा फूट लांब राहा, त्याची मुळं वाफ्यातलं पाणी ओढतात. मग आलेख कागदावर एका चौकोनाला एक फूट धरून नकाशा. काटकोनासाठी दोरीला सारख्या अंतरावर बारा खुणा करून तीन-चार-पाचचा त्रिकोण ताणायचा, सातवीच्या पोरांना पायथागोरस तिथंच कळतो. वाफ्याची रुंदी तीन फुटांपेक्षा जास्त नको. मुलाचा हात कडेपासून दीड फूटच पोचतो. रुंदी वाढली की पाय वाफ्यात पडतो आणि ओली काळी माती तुडवली गेली की दगड होते. मधल्या वाटा दोन फुटांच्या ठेव.

माती बघायला फूटभर खोल खड्डा घेऊन पाण्यानं भरा. ते जिरलं की पुन्हा भरा आणि तासाभरानं पट्टी लावा. पातळी इंचभरही उतरली नाही तर गादीवाफे, म्हणजे जमिनीपासून उंच केलेले वाफे, करावेच लागतील. खाली नुसता मुरूम लागला तरी तेच. पाऊण फूट उंचीच्या एका वाफ्याला साडेबावीस घनफूट भर लागते. घमेल्यात किती लिटर मावतात ते पोरांना मोजू दे. चौदाच्या आसपास भरलं तर दोन घमेल्यांचा एक घनफूट, म्हणजे वाफ्याला ४५ घमेली. त्यात तीस मातीची, पंधरा शेणखताची. सात वाफ्यांना मिळून माती एक ब्रासच्या (शंभर घनफुटांच्या) थोडी वर आणि शेणखत अर्धा ब्रास. काळी माती मोकळी करायला वाळू टाक असं कुणी सांगेल, पण थोडी वाळू पडली की ती उलट घट्ट बसते. तिला खतच मोकळं करतं. शेणखत मात्र पूर्ण कुजलेलं, मुठीत घेतल्यावर शेणाचा वास न येणारं हवं. कच्च्या शेणातून हुमणी (मुळं खाणारी अळी) येते, तण येतं आणि रोपं करपतात.

हात धुतलेलं पाणी जाळीतून आणि खडी-वाळूच्या ड्रममधून काढून वांगी, भेंडी, दोडका, शेवगा यांच्या बुंध्याशीच सोड. पानांवर नको, आणि एक दिवसाच्या वर साठवूही नको, घाण वास सुटतो. ताटं धुतलेलं तेलकट पाणी यात घेऊ नकोस, त्यानं वाळू तुंबते आणि उंदीर येतात. मेथी, पालक, कोथिंबीर यांना बाटल्यांचंच पाणी.

खोदकाम मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू झाली की करून घे, पाच मुलांना एक वाफा. विटा-दगड हातानं उचलू देऊ नकोस, आधी काठीनं उलथायचे, खाली विंचू असतो. पेरणी जूनअखेर, चांगली ओल झाल्यावर. भेंडीचं बी रात्रभर भिजवून इंचभर खोल, दीड फुटावर दोन ओळी, ओळीत फुटाला एक. एका वाफ्यात वीस झाडं बसतात. मेथी-पालक गणपतीनंतर, आणि दोन्ही वाफे एकदम पेरू नकोस. अर्धा वाफा दर आठ-दहा दिवसांनी पेरला तर पोषण आहाराच्या भांड्यात भाजी थोडी थोडी येत राहते. धने रगडून दोन फाकी करून पेर. बी पेरल्यावर वर राख भुरभुरली नाही तर मुंग्या ते ओढून नेतात.

सगळ्यात जास्त रोपं मरतात ती पोरांच्या मायेनं. प्रत्येक जण झारी घेऊन येतो, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी रोपटं आडवं पडलेलं दिसतं. उपटून बघ, जमिनीलगत देठ दोऱ्याएवढा बारीक, पाणचट झालेला असतो. ही रोपांची मर, जास्त ओलीनं येणारी बुरशी. म्हणून पाणी देणारा गट रोज एकच, आणि आधी बोट दोन पेरं मातीत घालून बघायचं. ओल लागली तर झारी परत ठेवायची. दुसरी खूण कोवळ्या पानांची. पान पिवळं पण शिरा हिरव्या दिसल्या तर आपल्या चुनखडीच्या मातीत लोह अडकलंय असं समज. युरियानं ते सुटत नाही, कंपोस्ट वाढव. भेंडीच्या पानांच्या शिराच पिवळ्या झाल्या तर तो केवडा रोग, पांढऱ्या माशीनं पसरवलेला. ते झाड उपटून लांब टाक. माव्याला, म्हणजे रस शोषणाऱ्या बारीक किडीला, निंबोळी अर्क चालतो. अर्धा किलो कुटलेल्या निंबोळ्या रात्रभर भिजवून गाळ, दहा लिटर पाणी कर, थोडा साबणचुरा घाल आणि संध्याकाळी फवार.

आच्छादनाला उसाचं पाचट आपल्याकडे मुबलक मिळतं. तुकडे करून तीन इंच थर दे, पण बुंध्यापासून दोन इंच लांब ठेव. दिवाळीच्या सुट्टीसाठी पाच-सात लिटरची साधी भाजलेली मातीची मडकी पाण्यानं भरून चार रोपांमध्ये गळ्यापर्यंत पुरून झाकून ठेव. ती तीन-चार दिवस झिरपत राहतात, मग शिपाईमामांना आठवड्यातून दोन फेऱ्या पुरतात.

मे महिन्यात भाजी जगवायचा हट्ट नको. एप्रिलअखेर वाफे रिकामे करून भिजव आणि पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीनं दाबून टाक. पाच-सहा आठवड्यांच्या उन्हात तणाचं बरंचसं बी मरतं. शेवगा, कढीपत्ता, लिंबू एवढंच मागं ठेव. ग्रीन नेट लावलीस तर सुतळीची गाठ सुटती ठेव, नाहीतर वळवाच्या वाऱ्यात नेट बांबूसकट उपटते.

पाण्याची आठवडाभराची नोंद झाली की आकडे पाठव, आणि बोअरचं पाणी द्यायचं असेल तर ते सुकल्यावर पांढरा थर धरतं का तेही लिही. धरत असेल तर वाफ्यांची उंची आणि पिकं दोन्ही बदलावी लागतील.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
मित्र