अर्धा दोष आपलाच

संपादक साहेब, खासदार काहीच करत नाहीत म्हणून सगळे ओरडतात, मीपण ओरडतो, पण खरं सांगू का, अर्धा दोष आपलाच आहे. आपण त्यांच्याकडे जातो कशाला, तर तुंबलेलं गटार घेऊन, जे काम नगरसेवकाचं, आणि पोराच्या लग्नाला आले नाहीत की आपण रुसतो. लोकसभेत काय बोललात हे विचारतं कोण? अर्थात बोलून तरी काय, १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे व्हिप म्हणजे पक्षाचा आदेश मोडून मत दिलं तर खासदारकीच जाऊ शकते, मग सगळे हायकमांडच्या तोंडाकडे बघत बसतात. मार्च २०२३ मध्ये तर लोकसभेत अख्खं बजेट गोंधळात, चर्चेविना पास झालं! आणि आम्ही घरी बसून तो गोंधळच चवीने बघितला.

– एक मतदार