मांडे करणाऱ्याला उत्पन्न विचारू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात अधूनमधून ‘वेगळी वाट’ धरणाऱ्यांच्या बातम्या येतात. मी त्या आवडीने वाचतो. मात्र प्रत्येक बातमीत वर्षाची उलाढाल नाहीतर एखादा पुरस्कार असतोच. चारचौघांपेक्षा वेगळं वागायचं तर आधी कमाई दाखवा, असाच त्याचा अर्थ निघतो. म्हणून हे पत्र.

मी अमळनेर तालुक्यातला कापूस पिकवणारा शेतकरी. मला खापरावरचे, म्हणजे चुलीवर पालथ्या ठेवलेल्या मातीच्या भांड्यावर भाजलेले, पुरणाचे मांडे करता येतात. आमच्याकडे हे काम बायकांचं. लग्नाच्या पंगतीत पुरुष आचारी वांग्याची भाजी रांधतो, ते चालतं. मी मांडे आईकडून शिकलो. कणीक इतकी तिंबायची, की ओढली तर तुटू नये, लांबावी. पुरण भरलेला उंडा या हातावरून त्या हातावर झुलवत कोपरापर्यंत पसरवायचा. तो खाली लोंबू लागतो, आतलं पुरण दिसू लागतं, तेवढ्यात तापल्या खापरावर टाकायचा. जरा उशीर झाला की फाटलाच! त्या वेळी डोक्यात कपाशीचा भाव नसतो, सोसायटीचं कर्ज नसतं. एवढं समाधान मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भाऊबंद जमले होते. एक काका सगळ्यांदेखत म्हणाले, “आते लुगडंबी नेसी ले!” फार लागलं ते. ज्या अमळनेरात साने गुरुजींनी वसतिगृहातल्या मुलांच्या खोल्या झाडल्या, त्यांची आजारपणं काढली, तिथे पुरुषाने मांडे केले तर हसण्यासारखं काय आहे?

पण त्याहून जास्त खटकतो तो भल्या माणसांचा प्रश्न : “किती सुटतात यात? ऑर्डरी घे, मोबाइलवर टाक.” मला ऑर्डरी नकोत. गावातल्या बचत गटाच्या बायका मांडे विकून घर चालवतात, तो धंदा त्यांचा. मी घरच्यांसाठी करतो, मन रमतं म्हणून करतो.

आसोद्याच्या बहिणाबाईंच्या गाण्यांचा संग्रह निघाला १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतर. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. यातलं काहीही त्यांनी पाहिलं नाही. तरी जात्यावर, शेतात त्या गाणी रचत राहिल्या. ती रचताना त्यांना जे सुख मिळालं असेल, ते विद्यापीठाच्या नावामुळे वाढलं नाही आणि नाव मिळालं नसतं तरी कमी झालं नसतं.

माझ्या ओळखीचे एक निवृत्त एसटी वाहक या वयात संबळ शिकताहेत. शेजारच्या गावातली एक मुलगी पाखरं बघायला पहाटे एकटीच तापीकाठी जाते; घरचे कुरकुरतात, ती जायची थांबत नाही. दोघांचीही यात दमडीची कमाई नाही. अशांवर एकदा लिहा. त्यांची तयारी असेल तर आपल्या वार्ताहराची गाठ मी घालून देतो.

आपला,
एक वाचक, ता. अमळनेर, जि. जळगाव