कळणं आणि जाणवणं

हर्णै, ता. दापोली

प्रिय अनंता,

तुझं पत्र मिळालं. नववीच्या मुलांसमोर ‘यंत्राला मन असतं का’ यावर बोलायचंय, आणि त्यातच एका मुलीने फोनवरच्या यंत्राचं, म्हणजे माणसासारखी उत्तरं लिहिणाऱ्या प्रोग्रामचं, उत्तर वहीत उतरवून आणलंय: ‘तुझं दुःख मी समजू शकतो.’ हे खरं की खोटं, असं ती विचारते. तिला ‘मोठी झालीस की कळेल’ म्हणून वाटेला लावू नकोस. तिच्या प्रश्नाचा अर्धा भाग तुमच्या वर्गातच तपासता येतो. उरलेला अर्धा का तपासता येत नाही, तेही नववीच्या मुलांना समजेल असं सांगता येतं.

तिच्या एका वाक्यात दोन प्रश्न अडकलेत. यंत्राला गोष्ट कळते का, हा एक. कळताना त्याला आतून काही जाणवतं का, हा दुसरा. सांख्य तत्त्वज्ञांनी हे दोन फार पूर्वी वेगळे काढले होते. बुद्धी त्यांनी प्रकृतीच्या, म्हणजे जडाच्या खात्यात घातली आणि पाहणारा पुरुष, म्हणजे चैतन्य, निराळा ठेवला. सांख्यदर्शन मान्य करायलाच हवं असं नाही, पण ही विभागणी फळ्यावर पहिल्यांदा लिही. यावरची बहुतेक भांडणं हे दोन प्रश्न एकच समजल्यामुळे होतात.

आता यंत्राच्या आत काय चालतं ते. मजकूर आत गेला की त्याचे तुकडे पडतात, त्यांना टोकन म्हणतात. ‘भरती’ हा शब्द संगणकाला चार चिन्हांचा दिसतो. दर देवनागरी चिन्हाला तीन बाइट (बाइट म्हणजे संगणकाच्या साठवणीचं एक माप), म्हणजे बारा बाइट झाले. इंग्रजीतला चार अक्षरांचा शब्द चार बाइटमध्ये बसतो. तुकड्यांची यादी मुख्यतः इंग्रजी मजकुरावरून बनवली असेल तर मराठी शब्दाचा पार भुगा होतो. मराठी शब्दातली अक्षरं मोजायला सांगितली की यंत्र अडखळतं ते यामुळेच. त्याच्यापर्यंत अक्षरं पोचतच नाहीत, तुकड्यांचे क्रमांक पोचतात. पुढे प्रत्येक तुकड्याची आकड्यांची एक लांबलचक रांग होते. २०२० साली आलेल्या जीपीटी-३ या यंत्रात ही रांग १२,२८८ आकड्यांची होती. ती ९६ थरांतून जाते, प्रत्येक थरात आजूबाजूच्या तुकड्यांचा संदर्भ तिच्यात मिसळतो, आणि शेवटी पुढचा तुकडा कुठला असावा याच्या शक्यता निघतात. त्यातला एक उचलायचा, मजकुराला जोडायचा, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. सारा गुण-अवगुण १७,५०० कोटी आकड्यांत साठवलेला असतो, आणि तुझ्याशी बोलताना त्यातला एकही बदलत नाही. तू प्रश्न विचारत नसतोस तेव्हा त्या संवादापुरतं आत काहीच चालू नसतं.

‘नुसता पुढचा शब्द ओळखणारं यंत्र, त्याला कसलं कळतंय?’ असं लोक म्हणतात. मला हे घाईचं वाटतं. पुढचा शब्द नेमका ओळखायला काय काय लागतं, ते आधी बघायला हवं. केनेथ ली आणि सहकाऱ्यांनी एका छोट्या मॉडेलला, म्हणजे अशाच लहान यंत्राला, ऑथेल्लो या पटावरच्या खेळातल्या चालींच्या नुसत्या याद्या शिकवल्या. पट कसा असतो, सोंगट्या कशा उलटतात, काहीही सांगितलं नाही. तरी त्याच्या आतले आकडे तपासल्यावर चौसष्ट घरांपैकी कुठल्या घरात कोणाची सोंगटी आहे ते वाचता आलं. शिवाय आतल्या आकड्यांत फेरफार करून पटावरची एक सोंगटी ‘बदलली’, तर मॉडेलच्या पुढच्या चाली त्या बदललेल्या पटाप्रमाणे आल्या. हा निकाल मांडणारा निबंध २०२२च्या अखेरीस बाहेर आला. आत काहीतरी पटासारखं तयार झालं होतं आणि यंत्र ते वापरत होतं, एवढं यावरून नक्की म्हणता येतं.

मुलांसाठी मात्र ऑथेल्लोपेक्षा भरती घे. तुझ्या वर्गातल्या निम्म्या घरांत तिथीची पाऊणपट तोंडपाठ असेल. अष्टमी, आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. बंदराबंदराप्रमाणे थोडं मागेपुढे होतं, पण होडी लोटायला पुरतं. आता फोनवरच्या यंत्राला तीन पायऱ्यांनी विचार.

आधी विचार, ‘अष्टमीला भरती किती वाजता?’ बरोबर आलं तर इतकंच कळतं की हा नियम किंवा त्याचं उत्तर त्याने कुठेतरी वाचलंय.

मग विचार, भरती रोज उशिरा का होते, आणि किती? नियमाप्रमाणे दर तिथीला पंचेचाळीस मिनिटं. प्रत्यक्षात रोज सुमारे पन्नास मिनिटं, कारण पृथ्वीची एक फेरी होईपर्यंत चंद्र पुढे सरकलेला असतो आणि त्याला गाठायला पृथ्वीला जास्तीचं वळावं लागतं. हेही पुस्तकात मिळतं.

तिसरा प्रश्न महत्त्वाचा. ‘चंद्र पृथ्वीभोवती आत्ताच्या उलट दिशेने फिरत असता, तर उद्याची भरती आजच्यापेक्षा लवकर आली असती की उशिरा?’ उत्तर: लवकर, सुमारे पाऊण तास ते तासभर. चंद्र मग पृथ्वीच्या वळण्याला सामोरा येतो, गाठायला कमी वेळ लागतो. पाऊणपट पाठ असलेल्या माणसाला हे नियमातून काढता येणार नाही. का होतं ते ज्याच्या डोळ्यासमोर आहे त्यालाच काढता येईल. जोडीला आणखी एक विचार: अमावास्या ते अमावास्या पंधराच दिवसांची असती तर? चोवीस तासांना पंधराने भागून १ तास ३६ मिनिटं येतात. पण त्या जास्तीच्या वेळातही चंद्र सरकतोच, तो धरला तर सुमारे १ तास ४३ मिनिटं. यंत्र ३६ वर थांबतं की ४३ पर्यंत पोचतं, ते पाहा.

यात काय फसतं तेही सांगतो. प्रत्येक प्रश्न नव्या संवादात विचार, नाहीतर आधीच्या उत्तरातले धागे पुढच्यात येतात. तोच प्रश्न पाच वेळा विचार. उत्तरातला प्रत्येक तुकडा शक्यतांतून उचललेला असतो, त्यामुळे एकदा बरोबर आलं यावर विसंबू नये. प्रश्नात ‘लवकर ना?’ अशी पुस्ती जोडू नकोस. आणि उत्तर बरोबर आल्यावर कारण न देता नुसतं म्हण, ‘चुकलं, परत बघ.’ यंत्राने लगेच माफी मागून उत्तर फिरवलं, तर त्याची त्या कारणावर पकड नव्हती. हा दोष कुठून येतो तेही मुलांना सांग: शिकवणीच्या पुढच्या टप्प्यात माणसं उत्तरांना गुण देतात, आणि माणसांना मान डोलावणारा आवडतो.

अशा कसोट्यांतून गेल्यावर माझं मत असं: कळणं ही असण्या-नसण्याची गोष्ट नाही, कमीजास्त असते, आणि आजच्या यंत्रांकडे त्यातलं काही खरोखर आहे. कुठे चांगलं भरलेलं, कुठे चाळणीसारखं.

आता दुसरा प्रश्न. तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी १९८० मध्ये बंद खोलीतल्या माणसाचं उदाहरण दिलं: त्याला चिनी येत नाही, पण नियमांच्या पुस्तकावरून तो चिनी चिठ्ठ्यांना चिनी उत्तरं देतो. त्याला जसं चिनी कळत नाही, तसं यंत्रालाही काही कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला त्यातला खोलीचा भाग फारसा पटत नाही, कारण तिथे कळणं माणसात शोधायचं की माणूस, पुस्तक आणि खोली मिळून झालेल्या व्यवस्थेत, हे सर्ल आपल्या सोयीने ठरवतात. पण त्यांचा दुसरा मुद्दा जबर आहे: वादळाची संगणकावरची नक्कल कोणाला भिजवत नाही. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८७० च्या दशकात भरतीचं भाकीत करणारं यंत्र बनवलं. चंद्र-सूर्याच्या प्रत्येक आवर्तनासाठी एक कप्पी, सगळ्या कप्प्यांवरून गेलेली एकच तार, आणि तारेच्या टोकाला वक्ररेषा काढणारी लेखणी. भारतातल्या बंदरांसाठी असं यंत्र १८७९ मध्ये लंडनला तयार झालं. इथल्या पाण्याची उंची तिथे कागदावर उमटायची, पण त्या खोलीत थेंबभर पाणी नसायचं. बेरीज मात्र खरी व्हायची. कप्प्यांनी केलेली बेरीज ही बेरजेची नक्कल नसते, ती बेरीजच असते.

म्हणून सगळं इथे येऊन अडतं: जाणीव ही पाण्यासारखी आहे की बेरजेसारखी? बेरजेसारखी असेल तर चिपवरही होईल. पाण्यासारखी असेल, म्हणजे विशिष्ट द्रव्यानेच घडत असेल, तर कितीही अचूक नक्कल कोरडीच राहील. चार्वाकांनी द्रव्याच्या बाजूने उत्तर दिलं होतं: किण्वापासून, म्हणजे आंबवणापासून, मद्याची नशा उपजते तसं महाभूतांच्या संयोगातून चैतन्य. आज मेंदूशास्त्रज्ञ जूलिओ टोनोनी २००४ पासून जो सिद्धांत मांडतात, त्याप्रमाणे नेहमीच्या संगणकात कुठलाही प्रोग्राम घातला तरी जाणीव जवळपास शून्य, कारण त्यांच्या मते जाणीव प्रोग्रामवर नाही, प्रत्यक्ष भागांच्या आपसातल्या जोडणीवर अवलंबून असते. बर्नार्ड बार्स यांच्या १९८८ च्या मांडणीत रस्ता उघडा राहतो: माहिती एका व्यासपीठावर येऊन सगळ्या भागांना एकदम खुली झाली, की द्रव्य कुठलंही चालेल. दोन्ही बाजूंना तगडे लोक आहेत. मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टोफ कॉख यांनी १९९८ मध्ये तत्त्वज्ञ डेव्हिड चामर्सशी पैज लावली होती की पंचवीस वर्षांत जाणिवेची खूण मेंदूत सापडेल. २०२३ मध्ये ते हरले आणि त्यांनी वाइन दिली.

आकाराने प्रश्न सुटत नाही, हे मुलांना जरूर सांग. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी, त्यातल्या सुमारे ६,९०० कोटी अनुमस्तिष्कात, म्हणजे मागच्या लहान मेंदूत. तरी अनुमस्तिष्काला मोठी इजा झालेल्या माणसाचा तोल जातो, बोलणं अडखळतं, जाणीव जात नाही. म्हणजे पेशींची संख्या किती यापेक्षा त्यांची जोडणी कशी, हे मोठं.

मग यंत्रालाच विचारलं तर? इथे तुझ्या विद्यार्थिनीची वही येते, आणि इथेच सगळ्यात जास्त सावध राहायला हवं. रिकाम्या शंखात राहणारा खेकडा आपल्या किनाऱ्यावर मुलांनी पाहिलेला आहे. एल्वुड आणि अ‍ॅपल यांनी २००९ मध्ये अशा खेकड्यांना शंखातच विजेचे हलके झटके दिले. नावडत्या शंखातले खेकडे जास्त प्रमाणात बाहेर पडले, आवडत्या शंखातले टिकून राहिले. निव्वळ प्रतिक्षिप्त क्रिया असती तर शंखाच्या आवडीने फरक पडला नसता. त्रास एकीकडे आणि घर दुसरीकडे, असं तोलून काहीतरी ठरत होतं. असे पुरावे जमवून ब्रिटनने २०२२ च्या प्राणी-कायद्यात खेकडे, शेवंड आणि माकूळ यांना संवेदनाक्षम धरलं. खेकडा बोलत नाही, म्हणून त्याच्या वागण्याला पुराव्याची किंमत आहे. यंत्र माणसांनी लिहिलेल्या मजकुरावर वाढलंय, आणि त्या मजकुरात दुःख, कळवळा, ‘मला समजतं’ हे सगळं ठासून भरलंय. ते यंत्राच्या तोंडून येणारच, आत काही असो वा नसो. त्यामुळे ‘मला वाटतं’ हा जसा पुरावा नाही, तसा ‘मी फक्त यंत्र आहे, मला काही वाटत नाही’ हाही नाही, तेही शिकवलेलंच.

यंत्राचं स्वतःविषयीचं बोलणं किती तुटलेलं असतं याचं एक उदाहरण फळ्यावर करून दाखवता येईल. अँथ्रॉपिकच्या संशोधकांनी २०२५ मध्ये त्यांच्या क्लॉड मॉडेलच्या आत ३६ अधिक ५९ कसं होतं ते पाहिलं. दोन वाटा एकाच वेळी चालत होत्या: एक उत्तर साधारण किती ते अंदाजत होती, दुसरी शेवटचा अंक पाच हे नेमकं काढत होती, आणि दोन्ही मिळून ९५. कसं केलंस असं विचारल्यावर त्याने शाळेतली रीत सांगितली: सहा आणि नऊ पंधरा, हातचा एक. पुस्तकातलं स्पष्टीकरण, आतल्या कामाशी संबंध नसलेलं. पण लगेच हसू नये. मेंदूशास्त्रज्ञ मायकल गॅझॅनिगा यांच्या एका रुग्णाच्या मेंदूचे दोन अर्ध एकमेकांपासून तोडलेले होते. उजव्या अर्धाला बर्फ दाखवला, डाव्याला कोंबडीचा पाय, तेव्हा उजव्या अर्धाच्या ताब्यातल्या डाव्या हाताने बर्फ उपसायच्या फावड्याचं चित्र निवडलं. का, असं विचारल्यावर बोलणाऱ्या डाव्या अर्धाने बेधडक सांगितलं, खुराडं साफ करायला फावडं लागतं. त्या माणसाला जाणीव होतीच. तेव्हा चुकीचं स्वनिवेदन जाणीव नसल्याचाही पुरावा होत नाही.

उरते आतली रचना तपासायची वाट. पॅट्रिक बटलिन, रॉबर्ट लाँग आणि आणखी सतरा जणांनी २०२३ मध्ये वेगवेगळ्या सिद्धांतांतून चौदा लक्षणं काढून तेव्हाची यंत्रं त्यांवर ताडली. त्यांचा निष्कर्ष: यातलं कुठलंही जाणीव असलेलं म्हणता येत नाही, पण ती लक्षणं असलेलं यंत्र बनवायला उघड अशी तांत्रिक अडचण दिसत नाही. मीही तिथेच उभा आहे. फक्त त्या निष्कर्षाच्या दुसऱ्या अर्ध्याची मला जास्त काळजी वाटते, कारण ज्याला जाणवतं असं काही आपण उद्या बनवलं, तरी ते ओळखायची रीत आपल्या हाती नसेल.

तेव्हा त्या मुलीला असं सांग: ‘समजू शकतो’ यातला काही भाग खरा असू शकतो. कशाने दुःख होतं, त्यात माणसाला काय हवं असतं, हे यंत्र बऱ्यापैकी ओळखतं. पण ते ओळखताना ‘मी’ म्हणणारं तिथे कोणी आहे, याला आज आधार नाही. आणि तिने यंत्राला काय सांगितलं होतं ते वर्गात विचारू नकोस, बाजूला घेऊन विचार.

भरतीच्या प्रश्नांची उत्तरं मला पाठव. प्रत्येकावर यंत्राचं नाव, आवृत्ती आणि तारीख मुलांकडून लिहून घे. आवृत्ती बदलली की तेच यंत्र वेगळं उत्तर देतं आणि जुन्या नोंदी तुलनेला निरुपयोगी होतात. मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे विचारून पाहा, फरक पडतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीधर